हॅलोवीनमधला हरवलेला 'व'

वाचक विचारतात

३१ ऑक्टोबरचा हॅलोवीन आणि स्कॉटलंडची स्कॉट्स भाषा यांच्या नात्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. स्कॉट्स शब्द शक्य तितके उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. स्कॉटलंडमध्येच दर पन्नास मैलांवर उच्चार बदलतो, हे गृहीत धरून वाचावे.

प्रश्न : जुन्या पुस्तकांत हॅलोवीनच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या दोन 'ई'च्या मधोमध अपॉस्ट्रॉफी असते, नव्यांत नसते. बरोबर कोणतं? आणि हे चिन्ह तिथे आलं कशासाठी?

दोन्ही चालतात. आज चिन्ह न देण्याकडे कल आहे. ते आलं ते एका गळलेल्या अक्षरामुळे. मूळ नाव 'ऑल हॅलोज ईव्हन'. हॅलो म्हणजे संत, ईव्हन म्हणजे संध्याकाळ. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती पंचांगात सर्व संतांचा दिवस, त्याची ही आदली संध्याकाळ. 'व्ही' गिळून टाकण्याची स्कॉट्सची खोड जुनी आहे. इंग्रजीतला डेव्हिल तिथे 'डील' होतो, गिव्हचा 'गी', हॅव्हचा 'हे', सिल्व्हरचा 'सिलर'. त्याच वाटेने ईव्हनचा 'ईन' झाला, आणि १८व्या शतकात हे आखूड रूप छापील मजकुरात रुळलं. देवनागरीत आपण 'हॅलोवीन' लिहितो त्यातला 'व' मात्र हा नव्हे. तो 'डब्ल्यू'चा आहे. गेला तो 'व्ही', आणि अपॉस्ट्रॉफी त्याच्या रिकाम्या जागेवर बसली आहे. म्हणून ती शेवटच्या 'एन'च्या आधी टाकणं चूक. तिथून काहीच गळलेलं नाही.

इंग्रजीने इतर सणांसाठी 'ईव्ह' हे रूप घेतलं. स्कॉट्समध्ये 'ईन' एकट्या हॅलोवीनपुरता नाही. नाताळची आदली संध्याकाळ 'यूल ईन', उपवासांचा काळ सुरू होण्याआधीचा मंगळवार 'फास्टर्न्स ईन'. या कुटुंबातला एकच जण परदेशी जाऊन प्रसिद्ध झाला.

एक गफलत टाळावी. स्कॉट्स मजकुरात इतरत्रही अपॉस्ट्रॉफींचा सडा दिसतो. 'विथ'ऐवजी 'वि', 'ऑफ'ऐवजी 'ओ' लिहिताना छापखाने पुढे चिन्ह टाकत, जणू स्कॉट्स शब्द म्हणजे इंग्रजी शब्दाचा तुटका तुकडा. यांना 'माफी मागणाऱ्या अपॉस्ट्रॉफी' म्हणतात. १९४७मध्ये काही स्कॉट्स कवींनी लेखनाचे नियम ठरवले, तेव्हा त्या गाळाव्यात असं सुचवलं. आजचे बहुतेक स्कॉट्स लेखक त्या देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न : हॅलोवीन हा मूळचा केल्टिक सण, मग त्याचं नाव गेलिक भाषेतलं का नाही? स्कॉट्स आणि गेलिक एकच ना?

एक नाहीत, बहिणीही नाहीत. गेलिक ही केल्टिक कुळातली, आयरिशच्या जवळची. स्कॉट्स ही जर्मानिक कुळातली. उत्तर इंग्लंड आणि आग्नेय स्कॉटलंडमध्ये बोलल्या जाणाऱ्या जुन्या इंग्रजीपासून ती वाढली. १४२४पासून स्कॉटिश संसदेचे कायदे तिच्यात लिहिले जात होते. पुढे राज्यकारभार आणि चर्च दोन्हीकडे इंग्रजी शिरली आणि स्कॉट्स घरात, शेतात, बाजारात उरली. ती इंग्रजीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद आपल्याकडे कोकणीबद्दल ज्यांनी ऐकला आहे त्यांना नव्याने समजावायला नको. २०२२च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं नोंदवलं, आणि २०२५मध्ये स्कॉटिश संसदेने गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा देणारा कायदा संमत केला.

गेलिकमध्ये हिवाळ्याच्या आरंभाच्या सणाला 'सावीन' म्हणतात. स्पेलिंग पाहून कुणी 'समहेन' वाचतो, पण तिथे 'एम' आणि 'एच' मिळून 'व'सारखा ध्वनी होतो. जुन्या आयरिश वाङ्मयात सावीन हा मेजवान्यांचा आणि अद्भुत घटनांचा काळ आहे, यात शंका नाही. मात्र 'हॅलोवीन म्हणजे ख्रिस्ती मुलामा दिलेला सावीन' हे जे ठोकून सांगितलं जातं, ते पुराव्याच्या पुढे धावतं. जुन्या आयरिश संतपंचांगात सर्व संतांचा दिवस २० एप्रिलला आहे. १ नोव्हेंबर ही तारीख इंग्लंड आणि जर्मन मुलखाकडून रूढ होत गेली आणि ८३५च्या सुमारास फ्रँक साम्राज्यात पक्की झाली. आयर्लंडमधल्या सणावर कुरघोडी करायला ती निवडली असेल, तर आयरिश चर्चनेच ती आधी का घेतली नाही, हा प्रश्न उरतो.

आमचं मत असं, की ऋतू आणि शेकोट्या यांत गेलिक वारसा आहे, तारीख चर्चची आहे, आणि जगभर पोहोचलेलं नाव व घराघरांतले खेळ यांवर ठसा स्कॉट्सभाषक लोलँड्सचा, म्हणजे स्कॉटलंडच्या सखल भागाचा, आहे.

प्रश्न : आम्ही ग्लासगोला नव्याने राहायला आलो आहोत. मुलगी सात वर्षांची. शाळेतल्या मैत्रिणी 'गायझिंग'ला बोलावत आहेत. हे 'ट्रिक ऑर ट्रीट'च ना? काय तयारी करायची?

दिसायला तसंच, व्यवहार वेगळा. ट्रिक ऑर ट्रीटमध्ये मूल दाराशी येऊन खाऊ मागतं, न दिल्यास खोडी काढण्याची लटकी धमकी देतं. ही रीत २०व्या शतकात उत्तर अमेरिकेत घडली. गायझिंगमध्ये खाऊ कमवावा लागतो. मूल घरात शिरतं, काहीतरी सादर करतं, मग त्याला मिळतं. शब्दाचं मूळ 'डिसगाइज'मध्ये आहे. वेश करून येणारा तो 'गायझर'. पूर्वी वेश इतका पक्का असे, की आत आलेला कोण आहे हे ओळखणं हाच यजमानांचा खेळ होता. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या किंग्स्टन गावी मुलं गायझिंग करत फिरल्याची १९११ची नोंद आहे. स्थलांतरितांबरोबर ही रीत समुद्रापार गेली ती अशी.

तयारीत पहिलं काम सादरीकरणाचं. चार ते आठ ओळींची कविता, एखादं गाणं, किंवा दोन कोडी अथवा विनोद. याहून लांब नको. दारात मागे आणखी मुलं उभी असतात आणि गार वारा आत येत असतो. सगळ्यात जास्त फसतं ते इथेच. मुलं वेशावर आठवडा घालवतात आणि दार उघडल्यावर गप्प होतात. पाठ केलेल्या ओळी मुखवटा घालून, मोठ्या आवाजात, अनोळखी माणसासमोर म्हणून पाहायला लावा. तोंड झाकणाऱ्या मुखवट्यातून शब्द फुटत नाहीत. चेहरा रंगवणं बरं.

ग्लासगोत शतकभर मुलांच्या तोंडी असलेली मागणी अशी : 'द स्काय इज ब्लू, द ग्रास इज ग्रीन, मे वी हे आवर हॅलोवीन?' त्यातला 'हे' म्हणजे वर सांगितलेला, 'व्ही' गळालेला 'हॅव्ह'. वेगळं काही हवं असेल तर या सदरासाठी रचलेल्या चार ओळी घ्या :

आम अ वी बोगल, कॉल्ड ॲन ग्रे,
आ स्लीप इन द नीप-पिट ऑ द डे;
गी मी ॲन एपल, गी मी अ निट,
ॲन आल नो फॅश यी अनिदर बिट.

अर्थ : मी छोटं भूत, गारठलेलं आणि करडं, दिवसभर सलगमाच्या खड्ड्यात झोपतं. सफरचंद दे, नाहीतर कवचफळ दे, म्हणजे आणखी त्रास देणार नाही. 'आ' म्हणजे मी, 'बोगल' म्हणजे भूत, 'फॅश' म्हणजे त्रास देणं. 'र' ठसठशीत फिरवायचा. मराठी जिभेला इथे काही शिकावं लागत नाही, उलट इंग्रजी शाळेत शिकलेला मऊ 'र' विसरावा लागतो.

वेळेचं गणित : ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे ३१ तारखेला ग्लासगोत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. लहान मुलांनी साडेपाच ते साडेसात या वेळात फिरून यावं. वेशाखाली गरम कपडे घालता येतील इतका तो सैल असावा. बाहेर कंदील किंवा सजावट असलेल्या घरीच जायचं. अंधार असलेलं दार वाजवत नाहीत. तुमच्याकडे मुलं येणार असतील तर परंपरेने सालासकट भुईमुगाच्या शेंगा, संत्री, सफरचंदं आणि गोळ्या द्यायच्या. शेंगा वेगळ्या भांड्यात ठेवा आणि देण्याआधी ॲलर्जी विचारा. आणि मुलाचं म्हणून होण्याआधी खाऊ पुढे करू नका. घाईने वाटणी उरकणाऱ्या यजमानामुळे मुलांचा हिरमोड होतो.

ग्रीनॉक आणि आसपासच्या भागात याच गायझिंगला 'गलोशन्स' म्हणतात. गलोशन हा एका जुन्या लोकनाट्यातला वीर. तो लढाईत मरतो आणि वैद्य येऊन त्याला उठवतो. नाटक मागे पडलं, नाव सणाला चिकटलं.

प्रश्न : भोपळ्याऐवजी पारंपरिक 'नीप'चा कंदील करून पाहिला. चमचा वाकला, सुरी घसरली, आणि कसाबसा झालेला कंदील तीन दिवसांत सुरकुतला. नेमकी पद्धत सांगाल का?

आधी भाजी बरोबर होती का ते पाहा. स्कॉट्समध्ये 'नीप' म्हणजे पिवळट गराचा, वर जांभळी झाक असलेला मोठा कंद. इंग्लंडमध्ये याला 'स्वीड' म्हणतात, आणि तिथे 'टर्निप' मागितलं तर पांढरा छोटा सलगम हातात पडतो. स्कॉटलंडमध्ये मात्र टर्निप म्हटल्यावरही बहुधा पिवळाच मिळतो. पांढरा सलगम कंदिलाला लहान आणि पाणचट. नीपचं लाडकं नाव 'टमशी'. हाच शब्द बावळट माणसालाही लावतात.

साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचा, दीड किलोच्या आसपासचा, ताजा आणि जड कंद घ्या. वजनाला हलका वाटला तर आत तंतुमय आणि पोकळ असतो, कोरताना फुटतो. कंद ओल्या फडक्यावर ठेवा. बुडाचा एक सेंटिमीटर काप काढून तळ सपाट करा. सुरी घसरण्याचं मुख्य कारण डुगडुगणारा तळ. वरून तीन-चार सेंटिमीटरवर पाव कापायच्या दातेरी सुरीने झाकण आडवं कापा. ढकलू नका, करवतीसारखी पुढेमागे चालवा.

कोरणं हा खरा कष्टाचा भाग. चमचा सरळ गरात खुपसला तर वाकणारच. आधी छोट्या टोकदार सुरीने कडेपासून दीड सेंटिमीटर आत एक वर्तुळ आखा. त्या वर्तुळात दोन सेंटिमीटर खोल उभ्या-आडव्या चिरा देऊन बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडा. मग जाड धातूच्या चमच्याने, किंवा सफरचंदाचा गाभा काढायच्या नळीने, एकेक चौकोन उचकटा. एक थर निघाला की पुन्हा चिरा, पुन्हा उचकटणं. घरात ड्रिल असेल तर मोठ्या माणसाने २० मिलिमीटरच्या पात्याने आधी सात-आठ भोकं पाडावीत. वेळ निम्म्यावर येतो. हाताने केलं तर तासभर धरून चाला.

भिंत दीड सेंटिमीटर ठेवा, चेहऱ्याच्या बाजूला एक. याहून जाड राहिली तर उजेड फक्त डोळ्यांच्या भोकांतून येतो आणि नीपची ती मेणासारखी पिवळी झळाळी दिसतच नाही. पातळ झाली तर कंदील सुरकुततो, आणि तुमचं तेच झालं असावं. दुसरं कारण म्हणजे तापवलेली खोली. कंदील २९ किंवा ३० तारखेला करा, पेटवेपर्यंत ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. आधी शिजवून किंवा मायक्रोवेव्हमध्ये मऊ करून कोरण्याचा सल्ला कुणी देईल. तसं केलेल्या कंदाच्या भिंती लगेच बसतात.

डोळे आणि तोंड मोठी, साधी काढा, बारीक नक्षी आक्रसून बुजते. झाकणात दीड सेंटिमीटरचं धुराडं हवंच, नाहीतर मेणबत्ती गुदमरते आणि झाकण करपतं. करपलेल्या नीपचा थोडा वास येणारच. अनेक स्कॉटिश लोकांना हॅलोवीन म्हटलं की तोच वास आठवतो. हातात धरून न्यायचा असेल तर काठाखाली दोन सेंटिमीटरवर समोरासमोर भोकं पाडून तार ओवा. सुतळी जळते. मुलांच्या हातात देताना बॅटरीचा दिवा बरा.

निघालेला गर टाकू नका. पंचवीस मिनिटं उकडा, पाणी पूर्ण निथळू द्या, लोणी आणि मिरपूड घालून ठेचा. तितकेच उकडलेले बटाटे आणि थोडी कांद्याची पात मिसळली की ऑर्कनी बेटांवरचा 'क्लॅपशॉट' तयार.

जाता जाता : हा कंदील हजारो वर्षांपूर्वीच्या केल्ट लोकांचा म्हणून सांगितला जातो. पिवळा नीप स्कॉटलंडच्या शेतांत आला तो १८व्या शतकाच्या उत्तरार्धात.

प्रश्न : पाण्यातली सफरचंदं दातांनी उचलायच्या खेळाला स्कॉट्समध्ये काय म्हणतात? शाळेत घ्यायचा आहे.

'डूकिन'. डूक म्हणजे पाण्यात बुडी मारणं. सफरचंदाच्या आकारमानाचा सुमारे पाव भाग हवा असते, म्हणून ते तरंगतं आणि तोंड लावलं की निसटतं. छोटी, देठ असलेली फळं घ्या. टबात २५ सेंटिमीटर पाणी पुरे. हात पाठीमागे. देठ दातात धरणं हा एक उपाय, फळ टबाच्या कडेला दाबून चावणं हा दुसरा.

शाळेसाठी मात्र काट्याचा प्रकार घ्या : मूल खुर्चीवर उलटं, पाठीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसतं, जेवणाचा काटा दातात धरतं आणि टबातल्या सफरचंदावर नेम धरून सोडतं. सगळ्यांची लाळ एका पाण्यात जात नाही. हलका प्लास्टिकचा काटा घेतलात तर टोचणार नाही, उसळेल. धातूचाच हवा, आणि काटा पडेपर्यंत टबात कुणाचा हात नको. लहान मुलांना पाण्याच्या टबापाशी क्षणभरही एकटं सोडायचं नाही.

याचा जोडीदार खेळ म्हणजे काकवीसारख्या काळ्या पाकात माखलेले स्कोन, म्हणजे छोटे पाव, दोरीला टांगून हात न लावता खाणं. खाली वर्तमानपत्रं अंथरा आणि केस बांधा. पुढचं सांगायला नको.

प्रश्न : रॉबर्ट बर्न्सची 'हॅलोवीन' ही कविता मराठीत आणतो आहे. शब्दकोश असूनही अडखळायला होतं. कुठे जपावं?

चांगलं आणि अवघड काम हाती घेतलंत. ही कविता १७८५ची, १७८६मध्ये किल्मार्नक इथे छापलेल्या बर्न्सच्या पहिल्या संग्रहातली. २८ कडवी, २५२ ओळी. तिच्याआधी जॉन मेन या कवीने १७८०मध्ये याच सणावर स्कॉट्समध्ये लिहिलं होतं. पण या रात्री भावी जोडीदार ताडण्याच्या चालीरीतींची इतकी दाट नोंद बर्न्सचीच, आणि त्याने स्वतः इंग्रजी गद्यात तळटीपा दिल्या आहेत. अनुवाद करण्याआधी त्या टीपा ओळीने वाचा. काय घडतं ते कवितेत अर्धं आणि टीपेत पूर्ण असतं.

सर्वांत घातक शब्द ओळखीचे वाटणारे. 'बेअर-स्टॅक' म्हणजे अस्वलाशी काही संबंध नाही, ती बार्लीची गंजी. तिला 'फॅदम' करायचं, म्हणजे खोली मोजायची नाही. दोन्ही हात पसरून तीनदा कवेत घेत फिरायचं. शेवटच्या कवेत भावी जोडीदाराची आकृती सापडते म्हणे. 'कॉर्न' म्हणजे मका नव्हे. स्कॉटलंडमध्ये तो ओट. ओटाची तीन ताटं उपटतात, आणि मुलीच्या तिसऱ्या ताटाला टोकाचा दाणा, 'टॅप-पिकल', नसेल तर ती लग्नाच्या आधीच कौमार्य गमावणार असा त्याचा अर्थ. हे न कळता त्या कडव्याचा अनुवाद केला तर त्यातला चावटपणा पूर्ण हरवतो. 'वेख्ट' म्हणजे वजन नाही, धान्य पाखडायचं साधन. गोल कड्यावर कातडं ताणलेलं, भोकं नसलेली चाळणीच. 'सूप' शब्द वापरायला हरकत नाही, पण पहिल्या वेळी 'कातड्याचं सूप' म्हणा. 'ईन' पाहून दरवेळी संध्याकाळ समजू नका. स्कॉट्समध्ये 'ईन' हे 'डोळे'ही असतात.

निळ्या धाग्याच्या विधीत दोन खड्डे आहेत. तिथला 'क्लू' म्हणजे सुगावा नसून लोकरीचा गुंडा, आणि 'पॉट' म्हणजे स्वयंपाकाचं भांडं नसून धान्य वाळवायच्या भट्टीखालचा खड्डा. मुलगी अंधारात एकटी जाऊन गुंडा त्या खड्ड्यात टाकते आणि धागा नव्या गुंड्यावर गुंडाळत राहते. शेवटाकडे धागा कुणीतरी धरल्यासारखा अडतो, तेव्हा ती विचारते, 'व्हा हॉड्झ?', कोण धरतंय? उत्तरात नवऱ्याचं नाव यायचं. भट्टीचं चित्र आधी उभं केलं नाही तर वाचकाला वाटेल, ती चुलीवरच्या पातेल्यात लोकर शिजवते आहे.

केलच्या विधीला वेळ द्या, सगळी कविता तिथून उघडते. जोडीने हात धरून, डोळे मिटून परसात जायचं आणि हाताला लागेल तो केलचा, म्हणजे पानकोबीच्या कुळातल्या पालेभाजीचा, दांडा उपटायचा. दांडा उंच की खुजा, सरळ की वाकडा, तसा जोडीदार. मुळाला चिकटलेली माती, 'यिर्ड', म्हणजे 'टॉखर', लग्नात येणारं धन. दांड्याच्या गाभ्याची, 'कस्टक'ची, चव गोड की कडू यावरून स्वभाव. मग उरलेले दांडे, 'रंट', दारावर ठेवायचे. ज्या क्रमाने ठेवले त्या क्रमाने घरात येणाऱ्या माणसांची नावं भावी जोडीदारांची. मातीसाठी आणि धनासाठी साधे मराठी शब्दच वापरा. हुंडा हा शब्द जवळचा आहे, पण त्याने मराठीत वेगळा आणि जड सूर लागतो; इथे सगळी थट्टा चालली आहे.

कवचफळांचा विधी सोपा : एक तिच्या नावाचं, एक त्याच्या नावाचं, दोन्ही विस्तवात. शेजारी शेजारी शांतपणे जळली तर संसार सुखाचा, एखादं फुटून उडालं तर जमलं नाही. शेवटच्या तीन वाडग्यांच्या विधीत मात्र तपशील चुकवू नका. तीन लाकडी वाडगे, 'लगी' : एकात स्वच्छ पाणी, एकात गढूळ, एक रिकामा. डोळे बांधलेल्या माणसाचा डावा हात. स्वच्छ पाण्यात पडला तर कुमारिका किंवा कुमार मिळणार, गढूळ पाण्यात तर विधवा किंवा विधुर, रिकाम्यात तर लग्नच नाही. तीनदा करायचं आणि दर वेळी वाडग्यांची जागा बदलायची. कवितेतल्या म्हाताऱ्याचा हात तिन्ही वेळा रिकाम्या वाडग्यात पडतो आणि तो चिडून वाडगे आगीत फेकतो. जागा बदलतात हे आधी सांगितलं नसेल तर या विनोदातली हवाच जाते.

छंदाबद्दल : कडव्याची शेवटची ओळ आखूड आहे आणि बहुतेक ठिकाणी 'दॅट निख्ट', त्या रात्री, या शब्दांवर थांबते. तिथला 'ख' उर्दूतल्या 'ख़बर'सारखा घशात घासून काढायचा. मराठीत प्रत्येक वेळी 'त्या राती' ठेवता आलं तर ठेवा, पण त्यासाठी आधीची लांब ओळ पिळू नका. यमक सुटलं तरी चालेल, ठेका सुटला तर कविता तळटीपांची यादी होते.

शेवटी सगळे लोणी घातलेले 'सोअन्स' खातात. ओटाच्या कोंड्याला लागून राहिलेलं पीठ पाण्यात आंबवून केलेली ही पेज. 'आंबील' लिहा, मराठी वाचकाला आंबटपणा लगेच कळेल.

प्रश्न : इंग्रजी भयकथांतले किती शब्द स्कॉट्समधून आले?

मोजदाद करत बसत नाही, ठळक तेवढे सांगतो. 'ईरी' उत्तरेकडचा, आधी त्याचा अर्थ भेदरलेला असा होता, भेदरवणारा नव्हे. 'एल्ड्रिच', म्हणजे अमानवी, भयाण, हा स्कॉट्स. 'रेथ', म्हणजे माणसाची छायाकृती, कवी गॅव्हिन डग्लसने १५१३मध्ये पुऱ्या केलेल्या, व्हर्जिलच्या 'इनीड' या लॅटिन महाकाव्याच्या स्कॉट्स अनुवादात आहे. 'वीअर्ड' म्हणजे मुळात नियती. दक्षिणेत तो शब्द मागे पडला तेव्हा स्कॉट्सने जपला. गंमत 'ग्लॅमर'ची. तो 'ग्रामर'चाच स्कॉट्स अवतार. व्याकरण येणारा तो विद्वान, विद्वान तो मंत्रतंत्र जाणणारा, म्हणून ग्लॅमर म्हणजे डोळ्यांवर घातलेली भूल. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या लेखनातून तो इंग्रजीत पसरला.

प्रश्न : हे शब्द स्वतः शोधायचे तर कुठे?

'डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' या नावाने दोन मोठे कोश इंटरनेटवर मोफत आहेत. १७००पर्यंतच्या भाषेचा बारा खंडांचा, आणि १७००नंतरच्या भाषेचा दहा खंडांचा. दोन्हींत शोधा, एकात नाही म्हणून शब्दच नाही, असं होत नाही. स्पेलिंग ठरलेलं नसल्याने नेमक्या शब्दाने काही मिळालं नाही तर अवतरणांसकट पूर्ण मजकुरात शोधण्याची सोय वापरा. जुन्या स्कॉट्समध्ये इंग्रजीतल्या 'डब्ल्यू-एच'च्या जागी 'क्यू-यू-एच' असतं, 'व्हॉट' शोधताना ते लक्षात ठेवा. आणि मधेच 'झेड' दिसला तर तो 'झ' वाचण्याआधी थांबा. 'य'सारख्या ध्वनीचं एक जुनं अक्षर होतं. छापखान्यांकडे त्याचा खिळा नव्हता म्हणून त्यांनी 'झेड' लावला. बर्न्सने 'हॅलोवीन' कवितेत ज्या किनाऱ्यावरची गुहा आणली आहे, त्या एअरशरमधल्या किल्ल्याच्या आजच्या स्पेलिंगमध्ये असाच 'झेड' आहे, आणि उच्चार आहे 'कलेन'.